आर्गॉन भरला तरी मिथेन येतोय! कॉपर-टायटॅनिया कॅटॅलिस्टबद्दल मदत हवी

सायली_के:
नमस्कार. एमएस्सीचा प्रोजेक्ट: टायटॅनियम डायऑक्साइडवर (टायटॅनिया) ३ टक्के तांबं चढवायचं आणि यूव्ही दिव्याखाली कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायचा. पावडर सोल-जेलने (द्रावणातून जेल करून ते भाजण्याची पद्धत) केली, तांब्यासाठी कॉपर असिटेट घेतलं, ३५० अंशांवर दोन तास भाजली. क्वार्ट्झच्या रिअ‍ॅक्टरमध्ये १०० मिलिग्रॅम पावडर, पाण्याची वाफ आणि गॅस. पहिल्या तासात जीसीवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ) मिथेनचा सुरेख पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आला. दुसऱ्या तासात निम्मा, चौथ्यात दिसेनासा. दिव्याखाली फिकट हिरवी पावडर जांभळट-काळी पडते, झाकण उघडलं की पुन्हा हिरवट होते.

काल कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन भरून रन घेतला, त्यात तर कार्बनच नाही. मिथेन जवळजवळ तेवढाच! दोन महिने पाण्यात गेले का? सोमवारी गाइडसमोर बसायचंय.

खडूफळा:
सायली, तू आर्गॉनचा रन घेतलास ही मोठी गोष्ट आहे. बरेच जण घेतच नाहीत. माझ्या पीएचडीत मी तो दीड वर्षाने घेतला आणि आधीचे सगळे आलेख बाजूला ठेवावे लागले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझा मिथेन बहुधा पावडरीतल्याच कार्बनचा आहे. असिटेट हाच कार्बनचा साठा, सोल-जेलमध्ये टायटॅनियमसाठी वापरलेलं सेंद्रिय संयुग आयसोप्रोपॉक्साइड हा दुसरा. ३५० अंशांवर दोन तासांत ते सगळं जळेलच असं नाही. साठा संपत जातो तसा पीक खाली येतो, तुझ्या आकड्यांत नेमकं तेच दिसतंय. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तांबं-टायटॅनियावर कार्बन-१३चा (ओळखता येणारा जड कार्बन) डायऑक्साइड सोडून पाहिलं, तर निघालेला कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः साध्या कार्बन-१२चा होता. १९७९ साली इनोवे, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी अर्धवाहक पावडरींवर हा मार्ग दाखवला, पण कार्बन कुठून आला हे दर वेळी नव्याने सिद्ध करावंच लागतं.

आता असं कर. असिटेट सोडून कॉपर नायट्रेट घे. ४५० अंशांवर हवेत चार तास भाज. मग रिअ‍ॅक्टरमध्येच ओलसर हवा सोडत रात्रभर दिवा लाव, म्हणजे पृष्ठभागावरचं सेंद्रिय जळून जाईल. आर्गॉनमध्ये पीक येईनासा झाला की मगच कार्बन डायऑक्साइड भर.

रंगाची काळजी नको. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन तांबं पकडतं आणि क्षपण होऊन गडद होतं, हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत नेतो.

रिअ‍ॅक्टर_ताई:
व्हॅक्यूम ग्रीस आणि रबरी सेप्टमसुद्धा (सुईने गॅस काढायचं बूच) बघ. आमच्याकडे रिकाम्या रिअ‍ॅक्टरमध्येच मिथेन निघाला होता, दिव्याच्या उष्णतेने सेप्टम तापत होता. रिकामं भांडं, अंधार, आर्गॉन हे तिन्ही रन हवेतच.

कार्बन-१३ मिळाला तर जीसी-एमएसवर (जीसीला जोडलेलं रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) १७ वस्तुमान बघ, पण पाण्याचा तुकडाही १७ वरच येतो. मिथेनचा पीक जीसीच्या स्तंभावर वेगळा झाल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस.

आणि ऑक्सिजन मोज. एका मिथेनमागे दोन ऑक्सिजन निघायला हवेत. तो नाही, तर इलेक्ट्रॉन कुणी दिले हे सांगता येत नाही.

सायली_के:
खडूफळा दादा, ताई, मनापासून आभार. सोमवारी आर्गॉनचा आलेख सगळ्यात आधी दाखवला. गाइड बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, हाच प्रोजेक्टचा पहिला धडा लिही.

नायट्रेटची नवी पावडर ४५० वर भाजली, रात्रभर दिवा लावला. आर्गॉनमध्ये आता सपाट रेघ येते. कार्बन डायऑक्साइडमध्ये पीक आधीच्या दहाव्या भागाइतकाही नाही, पण चौथ्या तासालाही तेवढाच टिकून आहे. सेप्टम बदलून उद्या पुन्हा लावते. ऑक्सिजनसाठी शेजारच्या लॅबमधला टीसीडी (जीसीचा उष्णता-वहनावर चालणारा डिटेक्टर) मागितलाय.