कॅडबरी ब्रिटिश की अमेरिकन? (आणि हॉर्लिक्स, व्हॅसलिन, कोलगेट?)

ठाणेकर जुना (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या राजाने आपल्या मानाच्या पुरवठादारांची यादी काढली, त्यात कॅडबरी नव्हती. व्हिक्टोरिया राणीने १८५४ मध्ये दिलेला मान १७० वर्षांनी गेला. कारण काय ते राजवाडा सांगत नसतो. पण तिकडे बऱ्याच जणांनी जो गळा काढला, त्याचं मला नवल वाटलं. अरे बाबांनो, ही कंपनी २०१० मध्येच अमेरिकेच्या क्राफ्टला साडेअकरा अब्ज पौंडांना गेली ना? आता ती माँडेलीझकडे आहे आणि तिचं मुख्यालय शिकागोत. मग आत्ता सुतक कसलं?

माझं मत सरळ आहे. मालक जिथला, ब्रँड तिथला. जन्मगाव, जांभळा कागद, लहानपणीच्या आठवणी या सगळ्याला माझ्या लेखी शून्य किंमत. नफा कुठे जातो आणि कारखान्याला टाळं लावायची सही कुठे होते, एवढंच बघायचं. ब्रिस्टलजवळ कीनशॅमला कॅडबरीचा सॉमरडेल कारखाना होता. तो चालू ठेवू असं क्राफ्टने बोली लावताना सांगितलं. कंपनी हातात आल्यावर काही दिवसांतच शब्द फिरवला आणि काम पोलंडला गेलं. अशा व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश मंडळाने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. त्याने कारखाना वाचला नाही.

विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा. नुसतं 'असहमत' लिहून पळू नका, उदाहरण द्या.

कडू कारलं

उदाहरण तुमचंच घेतो. सॉमरडेल बंद करून पोलंडला जायचं २००७ मध्येच जाहीर झालं होतं. तेव्हा कॅडबरी कोणाच्या ताब्यात होती? लंडनच्याच संचालकांच्या. क्राफ्टने खोटी आशा दाखवली हे पाप त्यांचंच, पण टाळं-किल्ली आधीच्यांनी आणून ठेवली होती. मग सही कुठे होते यावरून ब्रँडची जात कशी ठरवणार?

आणि मालकाचा नियम लावायचाच तर शेवटपर्यंत लावा. व्हॅसलिन न्यूयॉर्कच्या रॉबर्ट चेसब्रोचं. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणारा चिकटा शुद्ध करून त्याने ते काढलं, १८७२ मध्ये पेटंट घेतलं. पाँड्सही तिकडचंच, १८४६ चं. १९८६-८७ मध्ये युनिलिव्हरने या दोन्हींची चेसब्रो-पाँड्स ही सगळी कंपनीच घेतली. म्हणजे तुमच्या हिशेबाने व्हॅसलिन ब्रिटिश?

ठाणेकर जुना

होय. २०२० पासून तर युनिलिव्हर पूर्णच ब्रिटिश आहे, त्याआधी अर्धी डच होती. तर व्हॅसलिन आज ब्रिटिश. तुम्हाला विचित्र वाटतं म्हणून चूक ठरत नाही.

खवचट आजोबा

मालकाचं सोडा, संस्थापकाचा जन्म कुठला ते बघा, म्हणजे खरी मजा येते. चेसब्रो जन्माला आला लंडनमध्ये. १८०६ मध्ये न्यूयॉर्कला साबण-मेणबत्त्यांचं दुकान टाकणारा विल्यम कोलगेट इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. प्रॉक्टर अँड गँबलमधला प्रॉक्टर इंग्लिश आणि गँबल आयर्लंडचा. आख्खं अमेरिकन न्हाणीघर इंग्रजांच्या नावावर करून टाका आणि धागा बंद करा.

स्लावची सून

आजोबा, धागा बंद नका करू, आता कुठे रंगतोय. मी ज्या गावात राहते त्या स्लावचं सांगते. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळचं साधंसं औद्योगिक गाव. १९३२ मध्ये फॉरेस्ट मार्स नावाचा अमेरिकन माणूस वडिलांशी भांडून इथे आला. वडिलांचं अमेरिकेत मिल्की वे जोरात चालत होतं. याने इथे तशाच धर्तीचं चॉकलेट बनवलं, चवीत इंग्रजांसाठी बदल केला आणि त्याला आडनाव दिलं मार्स. इथल्या कुणालाही विचारा, मार्स बार ब्रिटिश. पैसा पहिल्या दिवसापासून अमेरिकन घराण्याचा, पण चव इथली, कामगार इथले, खाणारे इथले.

हॉर्लिक्सचं बरोबर उलटं. जेम्स आणि विल्यम हे ग्लॉस्टरशरचे दोन भाऊ. अमेरिकेत जाऊन धंदा काढला, विस्कॉन्सिनमधल्या रसीनला कारखाना घातला, माल्टेड मिल्कचं पेटंट १८८३ चं. जेम्स नंतर परत आला आणि १९०८ मध्ये आमच्या स्लावला विटांचा, उंच धुराड्याचा कारखाना उभा राहिला. तो २०१८ मध्ये बंद झाला, आता तिथे फ्लॅट आहेत. माणसं इंग्लिश, शोध अमेरिकेत, नाव झालं इंग्लंडात. लावा नियम!

माझं म्हणणं, ब्रँड ज्यांच्या जिभेवर घडला त्यांचा. हाइन्झ ही पिट्सबर्गची कंपनी. १८८६ मध्ये तिचा माल लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात आला तेव्हा ती परदेशी चैन होती. आज टोमॅटो सॉसमधले बेक्ड बीन्स टोस्टवर घालून खाणं यापेक्षा ब्रिटिश काही नाही. विगानजवळचा त्यांचा प्रचंड कारखाना १९५९ पासून चालू आहे. अमेरिकन माणसाला हे बीन्स दिले तर तो विचारतो, यात गूळकट गोडवा कुठाय? त्यांचे बीन्स वेगळेच असतात.

परदेशस्थ पाटील

ताई, चवीचा नियम मान्य, पण मग कॅडबरी दोन झाल्या. मी न्यू जर्सीत आहे. इथे दुकानात मिळणारी कॅडबरी माँडेलीझची नाही, हर्शीची. कॅडबरीचा अमेरिकेतला चॉकलेटचा धंदा १९८८ मध्येच हर्शीने घेतला. नाव तेच, कागद तसाच, घटकांच्या यादीत मात्र साखर पहिली. ब्रिटनच्या वडीवर दूध पहिलं. लोक म्हणून ब्रिटनहून आणलेली शोधायचे. हर्शीने आयात करणाऱ्यांवर दावा लावला, २०१५ मध्ये तडजोड झाली आणि तो मार्गही आटला.

गंमत बघा. एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचं ब्रिटिश चॉकलेट अमेरिकेत यायला दुसऱ्या अमेरिकन कंपनीने अडवलं. धागाकर्त्यांच्या नियमात दोन्ही अमेरिकन! मग भांडण कशावरून झालं? काहीतरी ब्रिटिश शिल्लक होतं म्हणूनच ना?

ठाणेकर जुना

पाटीलसाहेब, भांडण नाव वापरायच्या परवान्याचं होतं. कोर्टात चवीला वकील नसतो.

आणि चव कायम राहते हे कोणी सांगितलं? २०१५ मध्येच ब्रिटनमधल्या क्रीम एगचं, म्हणजे कॅडबरीच्या अंड्याच्या आकाराच्या चॉकलेटचं, कवच बदललं. डेअरी मिल्क काढून साधं चॉकलेट आलं, सहाच्या पाकिटात पाच अंडी झाली. लोक चिडले, कंपनीने पुन्हा बदललं का? नाही. सून बाई म्हणतात जिभेचा ब्रँड. जिभेला कोणी मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी लगेच पक्ष बदलला असता.

कडू कारलं

क्राफ्टच्या आधीची कॅडबरी म्हणजे काय होती हेही नीट बघा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं घराणं, दारूच्या विरोधात, म्हणून लोकांनी कोको प्यावा. १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या धुरातून बाहेर पडून बोर्नव्हिलला कारखाना, पुढे कामगारांसाठी बागांसकट घरं, आणि त्या वस्तीत दारूचा गुत्ता नाही. हे सगळं एका विशिष्ट मातीत, एका विशिष्ट काळातच होऊ शकतं. शिकागोच्या मालकाला कागद, रंग, कृती विकत मिळते. बोर्नव्हिल बिलावर चढवता येत नाही.

मिरजमसाला

कारलेबुवा, भावुक होऊ नका. बोर्नव्हिलच्या घरांची व्यवस्था कॅडबरी कुटुंबाने १९०० मध्येच वेगळ्या न्यासाकडे दिली. चॉकलेट कंपनीशी तिचा संबंध तेव्हाच सुटला.

मी मालकाच्या बाजूची, पण वेगळ्या कारणाने. टेटली १८३७ मध्ये यॉर्कशरच्या टेटली बंधूंनी सुरू केलेली. २००० मध्ये टाटा टीने ती २७.१ कोटी पौंडांना घेतली. तेव्हा आपण सगळे 'टेटली आता आपली' म्हणून खूश होतो. मग क्राफ्टने कॅडबरी घेतली तर ती त्यांची म्हणायला का जड जातं? आपला घेतो तेव्हा मालक मोठा, दुसरा घेतो तेव्हा परंपरा मोठी, हे चालणार नाही.

जाता जाता: लक्स. ते बनवणारी लिव्हर (आताची युनिलिव्हर) ब्रिटिश, पण लक्सची अंगाची वडी आधी अमेरिकेत आली, १९२५ च्या सुमारास, आणि नटीचा फोटो लावायची कल्पनाही हॉलिवूडची. इकडे १९४१ मध्ये त्या जाहिरातीत आल्या आपल्या लीला चिटणीस. आता सांगा, कुठला साबण?

खवचट आजोबा

लीलाबाईंचा.

परदेशस्थ पाटील

टेटलीचा मुद्दा बरोबर आहे, पण तिथेही इंग्लंडात कोणी तिला भारतीय चहा कंपनी म्हणत नाही. टाटांनीही तसा आग्रह धरला नाही, तिचं इंग्रजपणच तर विकत घेतलं होतं. क्राफ्टनेही तेच केलं. मालकालाच जर वस्तू परकी दिसायला हवी असेल, तर आपण का ओढूनताणून तिला मालकाच्या आडनावाने हाक मारायची?

ठाणेकर जुना

कारण नफा आडनावानेच वाटला जातो.

स्लावची सून

बरं, मग हॉर्लिक्सचंच उत्तर द्या. इंग्लंडमधलं हॉर्लिक्स युनिलिव्हरकडे नाहीच, वेगळ्या कंपनीकडे आहे. भारतातलं नाव २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ३,०४५ कोटी रुपये मोजून स्वतःच्या नावावर घेतलं. या कंपनीची कचेरी अंधेरीत, समभाग मुंबईच्या बाजारात. जवळपास ६२ टक्के युनिलिव्हरचे, बाकीचे इतरांचे.

ठाणेकर जुना

६२ टक्के म्हणजे बहुमत. ब्रिटिश.

स्लावची सून

उरलेल्या ३८ मध्ये माझे सांगलीचे मामा आहेत. त्यांना कळवते.