तळटीपांच्या शेवटचे पूर्णविराम एकदम कसे दुरुस्त करावेत?

प्रश्न

इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) एका प्रबंधाचं पुस्तक लावते आहे. नऊ प्रकरणं, प्रत्येकाची वेगळी फाइल, तळटीपा एकूण 640. लेखकाने त्या बऱ्याच वर्षांत मिळून लिहिल्यात, त्यामुळे कुठे शेवटी पूर्णविराम आहे, कुठे नाही, कुठे शेवटी नुसतीच स्पेस राहिली आहे. पृष्ठक्रमांकांतही तेच, कधी हायफन तर कधी डॅश. पहिली दोन प्रकरणं हाताने केली. चाळिसाव्या टीपेनंतर डोळ्यांना पूर्णविराम दिसेनासा होतो. फाइंड-चेंज (शोधा-बदला) चालवलं तर मुख्य मजकूर बदलतो आणि तळटीपा जशाच्या तशा राहतात. काय चुकतंय?

उत्तर 1

फाइंड-चेंजच्या खिडकीत ‘सर्च’च्या खाली बारीक चिन्हांची ओळ आहे. त्यात तळटीपांचं चिन्ह बंद असेल, ते चालू करा. पण तेवढ्यावर बदल चालवू नका, नाहीतर मुख्य मजकुरातल्या प्रत्येक शीर्षकापुढे पूर्णविराम येऊन बसेल. ‘फाइंड फॉरमॅट’मध्ये तळटीपांची पॅराग्राफ स्टाइल निवडा, म्हणजे शोध तिथेच राहील.

मग ग्रेप टॅबमध्ये या (तिथे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधता येतं; नमुन्याच्या टोकाचं `$` म्हणजे परिच्छेदाचा शेवट), आणि क्रम मोडू नका. आधी शेवटच्या स्पेस काढा: शोधा `[ ]+$`, बदलीची जागा रिकामी. हे राहिलं तर ‘पूर्णविराम, स्पेस, पुन्हा पूर्णविराम’ असं होतं. मग:

शोधा `([^.?!”’])$`
बदला `$1.`

अवतरणचिन्ह मुद्दाम वगळलं आहे, कारण पूर्णविराम कधी त्याच्या आत असतो. उरलेल्या टीपा `[^.?!][”’]$` ने एकेक काढून डोळ्यांनी बघा.

माझ्या हातून एकदा राहून गेलं ते सांगते. नवा पूर्णविराम आधीच्या अक्षराचं रूप घेतो. टीप तिरप्या ग्रंथनामाने संपत असेल तर पूर्णविरामही तिरपा येतो. ते छापून आल्यावर दिसलं, आणि अजून खटकतं. म्हणून शेवटी `[.]$` इटॅलिकमध्ये शोधून सरळ करून घ्या.

उत्तर 2

वरचं सगळं बरोबर. डॅशसाठी:

शोधा `(?<=[0-9०-९])-(?=[0-9०-९])`
बदला `–`

इथे मात्र ‘चेंज ऑल’ दाबू नका, अगदी कळकळीने सांगतो. 45-52 हे पृष्ठांक आहेत, पण 12-5-1998 ही तारीख आहे, आणि दप्तराचे क्रमांक, वेबपत्ते यांतही असेच हायफन असतात. वेबपत्त्यातला हायफन बदलला की तो पत्ता उघडतच नाही. एकेक बघत पुढे जा, वेळ लागला तरी.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर ०-९ ने काहीच सापडणार नाही, कारण आत अंक वेगळ्याच अक्षरांच्या जागी असतात.

नऊ फाइली असतील तर सगळ्या उघडून ‘ऑल डॉक्युमेंट्स’ निवडा. प्रत्येक शोध क्वेरी म्हणून जतन करून ठेवा. पुढे नेहमी लागणार असेल तर सोबत येणारी ‘फाइंड चेंज बाय लिस्ट’ ही नमुना स्क्रिप्ट बघा. तिच्या यादीत एकेका ओळीत एकेक बदल लिहिता येतो, तळटीपा धरायच्या की नाही हेही तिथेच ठरतं.

प्रश्नकर्ती

आधी तिसऱ्या प्रकरणाच्या प्रतीवर चालवलं. 71 टीपांपैकी 38 ठिकाणी पूर्णविराम पडले. अवतरणचिन्हाच्या सहा हाताने केल्या, चार पूर्णविराम तिरपे आले होते ते सरळ केले.

एक गोष्ट अजिबात ध्यानात नव्हती. तीन ठिकाणी टीपेचा क्रमांक आणि पुढे नुसता पूर्णविराम, बाकी काही नाही. त्या टीपा मुळातच रिकाम्या होत्या आणि दोन वाचनांत कुणाच्याही लक्षात आल्या नव्हत्या. लेखकाला आजच कळवलं आहे. दोन संदर्भ त्यांना सापडले, तिसरा शोधताहेत.

डॅश उद्या करते, एकेक बघत.