मुकोंगो, बाकोंगो, किकोंगो : या तीन वेगळ्या जमाती का?

अनुजा_ना: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात कुठे मुकोंगो, कुठे बाकोंगो, मधेच किकोंगो. तीन जमाती समजून तीन तळटीपा टाकून मोकळी झाले. आता धाकधूक वाटतेय.

डोलकाठी: आधी त्या तळटीपा पुसा! मी जहाजावर इंजिन खात्यात होतो तेव्हा मातादीला बारा दिवस खोळंबलो होतो. समुद्रापासून जवळपास १५० किमी आत, काँगो नदीवरचं बंदर. पुढे धबधबे, जहाज जातच नाही. माल उतरवणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं: मुंतू म्हणजे माणूस, बांतू म्हणजे माणसं. तसंच जमात एकच: मुकोंगो एकटा, बाकोंगो पुष्कळ, आणि किकोंगो त्यांची भाषा. आपण शब्दाची शेपटी बदलतो, ते डोकं बदलतात. तादी म्हणजे दगड, मातादी म्हणजे पुष्कळ दगड. मी एकच खडा उचलून ऐटीत ‘मातादी’ म्हणालो तर अख्खी टोळी खो खो हसली. गाव मात्र नावाला जागतं, घरं सगळी कातळावर चढलेली.

वाटसरू७: पण काँगोत ‘लिंगाला’ नावाची भाषा बोलतात ना?

डोलकाठी: राजधानी किन्शासात, हो. मातादीच्या पट्ट्यात किकोंगो. शिवाय शेजारच्या दुसऱ्या, ब्राझाव्हिलवाल्या काँगो देशाच्या दक्षिणेत आणि अंगोलाच्या उत्तरेत. सरहद्दी युरोपियनांनी आखल्या, लोक तिन्हीकडे वाटले गेले. त्यांच्या जुन्या राज्याची राजधानी म्बांझा कोंगो आज अंगोलात आहे. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत आली.

मांडवीकाठ: थोडं अवांतर. १६२४ साली लिस्बनला किकोंगोतलं ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं पुस्तक छापलं गेलं, सोबत पोर्तुगीज मजकूर. जेझुइट पाद्री मातेउश कार्दोझु यांचं काम. किकोंगो ज्या कुळातली, त्या बांतू भाषांतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी हे. आणि आपल्या गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं ते १६१६ साली! तेही जेझुइटच, आणि दोन्ही पुस्तकं रोमी लिपीत.

अनुजा_ना: तिनाची एक तळटीप केली. पण ‘एक बाकोंगो बाई’ असं लिहून बसलेय. बाईला वेगळं रूप असेल ना?

डोलकाठी: नाही हो. बाई असो की बुवा, एकटं माणूस मुकोंगोच. तो-ती-ते ही भानगड त्यांच्याकडे नाही.