पिकअपचा बीसीएम (दिवे, इंडिकेटर, वायपर सांभाळणारा कंट्रोल बॉक्स) अडीच महिन्यांत दुसऱ्यांदा गेला. आता तिसरा घ्यायचा का?

टोमॅटोवाला_ओतूर

राम राम मंडळी. गाडी पिकअप, २०१९ची, बीएस-६ यायच्या आधीची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे कंपनीवर तुटून पडतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. ओतूरहून माळशेज उतरून कल्याण मार्केटला टोमॅटो नेतो. सीझनला आठवड्यात पाच फेऱ्या.

जूनच्या शेवटी इंडिकेटर दोन्ही बाजूंचे एकदम लागायला लागले, केबिनचा दिवा बंद होईना, सकाळी बॅटरी उतरलेली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, यू०१४० कोड आला. म्हणाला, बीसीएम गेला. नवीन बसवला, मॅचिंगसकट (नवा पीस गाडीशी, चावीशी जुळवणं) १३,००० गेले. दीड-दोन महिने गाडी गुण्यागोविंदाने चालली.

मग गणपती बसायच्या आदल्या रात्री तीन वाजता आमच्या दारात वायपर आपोआप सुरू. चावी माझ्या उशाशी! आई म्हणाली, गाडीत कोण बसलंय बघ. टॉर्च घेऊन गेलो तर कोणी नाही, कोरड्या काचेवर वायपर करकर करतोय. बॅटरीची वायर काढली आणि झोपलो. आता गॅरेजवाला म्हणतो, 'पीस खराब निघाला असेल, अजून एक टाकू.' त्याच्या तोंडाला काय जातंय? भंगारातल्या गाडीचा बीसीएम ४,००० ला मिळतोय. घेऊ का?

वायरमन_कराड

थांबा, काही घेऊ नका. यू०१४० म्हणजे बीसीएम मेला असं नाही. बाकीचे मॉड्यूल तक्रार करतायत की त्याच्याकडून उत्तर येत नाही. माणूस फोन उचलत नाही म्हणून लगेच तिरडी बांधतो का आपण? त्याला करंट येत नसेल, अर्थिंग सुटलं असेल, कॅनची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या लाइनची, वायर तुटली असेल.

मल्टीमीटर आहे का? बॅटरीचा निगेटिव्ह काढा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावतात तिथे) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६०च्या आसपास आले तर कॅनची लाइन धड. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाहीतर वायर गेलीय.

आणि दोन प्रश्न. जूनमध्ये काढलेला जुना बीसीएम तुमच्याकडे आहे का? असेल तर खोलून आतल्या पाटीचा (सर्किट बोर्डचा) फोटो टाका. दुसरं, पुढची काच कधी बदललीय का?

मासळी_एक्स्प्रेस_दापोली

माझ्या गाडीचं असंच झालेलं. मी हर्णैची मासळी नेतो, सगळीकडे खारं पाणी. बीसीएमच्या नादाला लागलोच नाही. वायपरला वेगळा रिले टाकला, डॅशवर बटण दिलं, ३०० रुपयांत काम. तीन वर्षं चालतंय.

वायरमन_कराड

दादा, मध्ये फ्यूज टाकला असेल तर वायपरला चालेल. नसेल तर आजच टाका. पण यांच्या गाडीत इम्मोबिलायझरपण (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा) बीसीएममध्येच असला तर त्याला कसला रिले लावणार? आणि माळशेजला धुक्यात इंडिकेटर, वायपर, हॉर्न तिन्ही जुगाडावर? मी नाही देणार तसं करून.

टोमॅटोवाला_ओतूर

६०.४ ओहम आले. जुना बीसीएम डिकीतल्या पोत्यात सापडला. खोलला. पाटीवर चहाच्या कपात राहतो तसा तपकिरी ओघळ, एका कोपऱ्यात हिरवट भुकटी. फोटो टाकलाय. इम्मोबिलायझर आतच आहे.

काच मे महिन्यात बदलली. खडीच्या डंपरमागे होतो, तडा गेला. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन_कराड

फोटो बघा म्हणजे तुम्हालाही कळेल. पाणी वरून आलंय. मे मध्ये काच, जूनमध्ये पाऊस, जूनच्या शेवटी बीसीएम. पीस खराब नव्हता हो, भिजत होता. पाणी कुठून येतं ते बंद केल्याशिवाय दहा बीसीएम टाका, दहाही जातील.

आता असं करा. बीसीएमपुढचं प्लास्टिकचं पॅनल काढा. एक माणूस टॉर्च घेऊन आत. बाहेरून मगाने पाणी ओता, प्रेशरचा पाइप नको. प्रेशरने पाणी सगळीकडूनच घुसतं, मग काही समजत नाही. काचेच्या खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर जा. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबा.

चिप_दुरुस्ती_पुणे

भंगारातल्या पीसबद्दल सांगतो, रोजचं काम आहे. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून डबा सेम दिसतो, कपलर (वायरींचा प्लग) सेम बसतो, पण आतला प्रोग्राम वेगळ्या मॉडेलचा. शिवाय त्यात दुसऱ्या गाडीच्या चाव्या आहेत, तुमची चावी तो ओळखणार नाही. मग तुमच्या पाटीवरची आठ पायांची मेमरी चिप वाचून तो डेटा त्यात टाकावा लागतो. भुकटी चिपच्या पायांपर्यंत गेली नसेल तर होतं. गेली असेल तर ४,००० पाण्यात. पहिलेही पाण्यातच गेले म्हणा.

टोमॅटोवाला_ओतूर

रविवारी केलं. धाकटा भाऊ आत, मी मग घेऊन बाहेर. खालच्या कडेला काही नाही. बाजूला काही नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिसरा मग ओतला आणि भाऊ ओरडला, 'आलं!'

रबराच्या बीडिंगचा सांधा त्या कोपऱ्यात नखभर उचललेला. पाणी तिथून आत, मग वायरिंगच्या लूमवरून (वायरींच्या जुडग्यावरून) काचेच्या खांबाच्या आतून खाली, सरळ कपलरमध्ये. थेंब वायरला धरून येताना दिसतो, अगदी तारेवर मुंगी चालावी तसा. कपलर ओढला तर एक पिन हिरवी होऊन माझ्या हातातच आली. काच बसवणाऱ्याला फोन केला. म्हणतो, 'पाऊस जास्त झाला यंदा.' काय बोलायचं यावर?

बीडिंग काढून दुसऱ्या माणसाकडून परत बसवून घेतलं. आता?

वायरमन_कराड

मोडलेल्या पिनेचा कपलर बदला, नुसता पुसू नका. बाकीचे कपलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून पूर्ण सुकवा. बीसीएमजवळ लूमला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायर आधी खाली जाईल आणि मग वर कपलरमध्ये. चुकून पाणी आलंच तर झोळावरून टपकेल, आत नाही जाणार. मॅचिंग करताना बॅटरीला चार्जर लावायला सांगा. मधेच व्होल्टेज पडलं तर नवा पीसही जाईल.

आणि शेवटी गाडी बंद असताना किती करंट खाते ते मोजा. निगेटिव्हमध्ये मीटर सिरीजला लावा, दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर निवांत झोपा.

टोमॅटोवाला_ओतूर

भंगारातल्या पीसचं शेवटचं अक्षर वेगळं निघालं, म्हणून नवीनच घेतला. कपलर बदलला, झोळ दिला. चार्जर लावून मॅचिंग झालं. करंट २८ मिलीअँपिअर. काल माळशेजला धो धो पावसात उतरलो, पॅनलमागे हात घालून बघितला, कोरडं.

फक्त एक घोटाळा झाला. मॅचिंगच्या वेळी दोन्ही चाव्या जवळ लागतात हे मला कोणी सांगितलंच नाही. समोर नसलेली चावी गाडी विसरते. दुसरी आमच्या देव्हाऱ्यात होती.

चिप_दुरुस्ती_पुणे

अरे हो, ते लिहायचं राहिलं माझ्याकडून. परत जाताना दोन्ही घेऊन जा, नाहीतर हिची पण ओळख जाईल.