नवऱ्यासाठी अत्तर-परफ्यूम घेताना काय झालं? (अनुभव लिहा)

पाडवा पंधरा दिवसांवर आलाय म्हणून हा विषय काढते.

गेल्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर ओवाळणी घेतली आणि आमच्या ह्यांच्या हातात मीच एक खोकं ठेवलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात पाऊण तास उभी राहून निवडलेलं, साडेतीन हजारांचं. कागदाच्या पट्टीवर वास घेतला तेव्हा लिंबाची साल, ओली पानं असं काहीतरी ताजं वाटलं होतं. ह्यांनी दोनदा फवारलं, आम्ही जेवायला बसलो. बासुंदीची वाटी येईपर्यंत लिंबू गायब आणि मागे उरला गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधासारखा वास. नवरा सभ्य माणूस. "चांगलाय की," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. आता ती स्वेटरांच्या कपाटात असते, स्वेटर खूश आहेत.

मग वाचलं तेव्हा उमगलं. फवारल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं नाकाला भेटतो तो सगळ्यात आधी उडून जाणारा भाग, बहुतेक लिंबू-संत्र्याच्या जातीतला. त्यानंतर फुलं, मसाले. शेवटी लाकूड, कस्तुरी, व्हॅनिला असलं जड काहीतरी, ते तासन् तास हलत नाही. म्हणजे मी पैसे पहिल्या वासाचे मोजले आणि नवऱ्याच्या गळ्यात तिसरा बांधला.

यंदा फसायचं नाहीये. तुम्ही काय घेतलंत, कसं निवडलंत? नाव नको, पेठ सांगितली तरी पुरे.

शिवाजी पेठ

आमचे मालक जुने पैलवान. पंचवीस वर्षं झाली कुस्ती सोडून, आता म्हशी आणि दूध. सेंट वगैरे म्हटलं की "ते पोरांचं काम" म्हणून उडवून लावायचे. मी पण नाद सोडला होता.

पन्नासाव्या वाढदिवसाला भावानं सुचवलं, मिट्टी अत्तर बघ. हे कनौजला करतात. भट्टीत भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळवायची आणि ती वाफ चंदनाच्या तेलात धरायची. पहिल्या पावसाचा वास म्हणतात तो हाच. मी ऐकून हसले, मातीचे पैसे द्यायचे? पण अत्तरवाल्यानं कुपीची काडी मनगटावर टेकवली आणि मी गप्पच झाले. त्यानं एक गोष्ट मात्र सरळ सांगितली, स्वस्तात मिळतं ते चंदनाच्या तेलात नसतं, दुसऱ्याच कुठल्यातरी तेलात मातीसारखा वास घातलेला असतो. मी अस्सलची सगळ्यात लहान कुपी घेतली, करंगळीएवढी.

संध्याकाळी धारा काढून आले, हातपाय धुतले. मी कापसाचा फाया करून कानात ठेवला. काही बोलले नाहीत. भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "तालमीत हौद्यावर पाणी मारल्यावर असा वास येतोय." मग ती माती कशी मळायचे, त्यात ताक किती, तेल किती, हळद, लिंबू, कापूर कधी घालायचा, हे जेवण होईपर्यंत चाललं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे मला कधी सांगितलेलं नव्हतं.

कुपी अजून अर्धी आहे. फक्त खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की लावतात.

नागाळा पार्क

माझा किस्सा फसण्याचा नाही, फजितीचा. चांगल्या कंपनीची बाटली आणली, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'ओ द टॉयलेट'. सासूबाई इंग्रजी अक्षरं जोडून वाचतात. त्यांनी 'टॉयलेट' वाचलं आणि बाटली थेट बाथरूमच्या खिडकीत, फिनेलच्या शेजारी. आठवडाभर पाहुणे "बाथरूमला काय वास आहे हो तुमच्या!" म्हणत होते.

तो फ्रेंच शब्द आहे, नटण्यासवरण्याचा, आपल्या टॉयलेटच्या अर्थानं नाही. कामाची गोष्ट एवढीच की त्यात सुगंधाचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असतं, 'ओ द परफां'मध्ये १५ ते २० च्या आसपास. दुसरं जास्त टिकतं, महागही असतं. दिवसभर एसीत बसणाऱ्याला पहिलं पुरतं. आणि बाथरूमची दमट, उन्हाची खिडकी ही परफ्यूम ठेवायची सगळ्यात वाईट जागा, हे सासूबाईंना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

उद्यमनगर

ह्यांचा लेथचा कारखाना. अंगाला कटिंग ऑइलचा वास कायमचा, त्यावर परफ्यूम मारलं की जो तिसराच वास तयार होतो त्याला नाव नाही. आता फक्त रविवारी, आंघोळ झाल्यावर. आणि कामावर मारून जाऊ देऊ नका, त्यात अल्कोहोल असतं, वेल्डिंगपाशी उगीच कशाला.

सदर बाजार

आमच्यात अत्तर म्हणजे भेट नाही, किराणाच. नमाजला जायचं म्हणून आमच्या ह्यांना अल्कोहोलचा स्प्रे नको असतो. ईदला मी एक कुपी देते. अनुभवानं सांगते, ऋतू बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये खस, म्हणजे तुमचा वाळाच, अंगाला गार लागतो. हिना थंडीत. एकदा भर उन्हाळ्यात ऊद दिला होता, रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. अजून एक, हिना पांढऱ्या कुर्त्यावर लावू नका. डाग धोब्यालाही जात नाही, ईदच्या सकाळी बघितलाय. कानामागे, मनगटावर, बास.

कळंबा

ह्यांना अर्धशिशी. तीन बाटल्या आणल्या, तिन्ही वाटून टाकल्या. चौथ्या वर्षी कापशी कोल्हापुरी चप्पल दिली. कातड्याचा वास तर फुकटच आला.

ताराबाई पार्क (मी घेणाऱ्या बाजूचा)

बायकांनी लिहायच्या जागी घुसतोय, माफ करा. माझ्याकडे आज पाच डिओ आणि दोन परफ्यूम आहेत, सगळी भेट आलेली, एकही मला आवडत नाही. कुणी विचारलंच नाही. मला आवडतो तो वडिलांच्या दाढीनंतरचा वास. ओल्ड स्पाइस, पांढरी बाटली, लवंग-दालचिनीच्या अंगाचा. १९३८ पासून पुरुषांसाठी विकतायत, म्हणजे वडिलांच्याही आधीपासूनचा. बायकोला हे बारा वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग स्वस्तात काम झालं असतं की ओ!"

रंकाळ्याजवळ

आम्ही दोघंही पुरुष, सात वर्षं एका घरात. दुकानात पहिला प्रश्न "स्वतःसाठी की वहिनींसाठी?" मी "मित्रासाठी" म्हणतो, दुकानदार लगेच स्वस्तातलं दाखवायला लागतो.

पद्धत सांगतो. पूर्ण बाटली आधी घ्यायचीच नाही. दोन-दोन मिलीच्या सॅम्पल कुप्या मिळतात. मी तीन घेतल्या, नावं काढून टाकली आणि १, २, ३ आकडे चिकटवले. रोज एकच, सकाळी लावून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी सांगायचं. दुकानात एका वेळी तीनपेक्षा जास्त हुंगलं की नाक थकतं, पुढचं सगळं सारखंच वाटतं. आणि त्याच्याच अंगावर लावून बघा. १ नंबर माझ्या हातावर मिरीसारखा तिखट होता, त्याच्या हातावर चक्क गोड. त्यानं ३ निवडला. तिन्हींत तो सगळ्यात स्वस्त निघाला आणि मला सगळ्यात कमी आवडलेला. लावणार तो आहे, म्हटलं घे.

वडणगे

मी काय एवढं शिकलेलो नाही, लेक टाइप करून देतीय. आमच्या मालकांना एकच वास पसंत, दवण्याचा. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलो की येताना दोन जुड्या जास्तीच्या घेतो. एक देवाला, एक देवघराला, बाकीचा सावलीत वाळवून सदऱ्यांच्या घडीत घालतो. ऊस तोडायला जाताना सुद्धा खिशात एक काडी असती त्यांच्या.

लेक पुण्याला नोकरीला. तिनं बापासाठी परफ्यूम पाठवलं, म्हणाली आई, ह्यात दवण्याचं तेल हाय, कर्नाटकात पिकवत्यात आणि तेल परदेशात जातंय. मालकांनी एकदा हुंगलं आणि म्हणाले, "ह्यात गुलाल कुठंय?" ठेवलं बाजूला.

आता ते मीच मारतो, बाजारला जाताना.