'चांगला देव' म्हणजे राजा? (शब्द हवाय)

ओली_शाई: मुलांसाठीच्या इजिप्तवरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. राजाच्या नावाआधी 'नेचेर नेफेर' येतं, तिथं अडलेय. नेचेर म्हणजे देव, चिन्ह काठीला बांधलेल्या फडक्यासारखं. नेफेर म्हणजे चांगला, सुंदर, निर्दोष. मी 'चांगला देव' लिहिलं, संपादकांनी खोडून 'देवतुल्य राजा' केलं. मुळात 'तुल्य' कुठेय? ओसायरिससारख्यांना 'नेचेर आ', थोर देव, म्हणत. ती जोडीही गेली.

जुनी_वही: भूदेव. सुटसुटीत आणि आपला.

तिरफळ: अहो, भूदेव म्हणजे ब्राह्मण! आमचे आजोबा श्राद्धाला पानावर बसणाऱ्यांना भूदेव म्हणायचे. पोरांना वाटेल फॅरो दक्षिणेला आलाय.

जुनी_वही: फॅरो नव्हे, फारो. मराठी बायबलात तसंच आहे. फर्मानही त्यावरूनच आलं असणार.

खापर: फर्मान फारसी आहे, काही संबंध नाही. फारो हा 'पेर-आ'चा हिब्रूतून फिरून आलेला अवतार. पेर म्हणजे घर, आ म्हणजे मोठं. आधी नुसता राजवाडा. अठराव्या राजवंशात, म्हणजे इ.स.पू. 14व्या शतकापर्यंत, खुद्द राजालाच तसं म्हणू लागले. पिरॅमिडवाल्या खुफूला त्याच्या हयातीत कुणी फारो म्हटलेलं नाही.

तिरफळ: म्हणजे आपलं राऊळ की! राजकुल, त्याचं राऊळ. आधी वाडा, मग देऊळ, आणि महानुभावांचे गुंडम राऊळ तर चक्क माणूस. आमच्या गावात अर्धी वाडी राऊळ आडनावाची. उद्या सांगतो त्यांना, तुम्ही फारो.

खापर: देऊळही देवकुलावरून. तिकडे देवळाला 'हुत-नेचेर', देवाचं घर.

ओली_शाई: छान, पण माझं नेफेर?

पेन्सिल: मी संपादकांच्या बाजूनं. लेकीला 'चांगला देव' वाचून दाखवलं, तर म्हणाली, "बाकीचे वाईट होते का?"

जुनी_वही: संस्कृत नाटकांत सेवक राजाला 'देव' म्हणूनच हाक मारतात. नुसतं 'देव' ठेवा.

खापर: तिथं देव म्हणजे 'महाराज'. नैवेद्य नाही दाखवत कुणी.

उंबरठा: इथं दाखवतात, तोही राजा स्वतःच! इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळात, गाभाऱ्यात राजा दुसरा रामसेस हा प्ताह, आमुन-रा आणि रा-होराख्ती या देवांच्या पंगतीला बसलाय. त्याच देवळात भिंतीवर तो स्वतःच्याच देवरूपाला नैवेद्य दाखवतोय. हात जोडणारा तोच, पुजला जाणारा तोच. यातला 'तुल्य' कोण, सांगा. राजा जिवंतपणी होरस, मेल्यावर ओसायरिस. माझ्या मते देवपण गादीचं, बसेल त्याला लागू.

पेन्सिल: मग 'देवतुल्य'च बरोबर ना! माणूस माणूसच राहिला.

उंबरठा: उलट वाचलंत.

ओली_शाई: आज 'कल्याण देव' करून पाठवलं. संपादकांचा उलट निरोप : कल्याण म्हटलं की स्टेशन आठवतं.

तिरफळ: 'थोर देव'ला 'ठाणे देव' करा, जोडी जमेल.

जुनी_वही: ते राहू द्या. फारो की फॅरो, ठरलं का?