अनुभव धागा : झऱ्याकाठी सगळे जमतात तो दिवस

नौपाडा, ठाणे

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, पण तलावांच्या पाठीशी डोंगर आहेत आणि त्या डोंगरांच्या कुशीत अजूनही काही जिवंत झरे आहेत, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. येऊरच्या पायथ्याशी असलेल्या अशाच एका झऱ्याकाठी आम्ही काही कुटुंबे गेली नऊ वर्षे वैशाखातल्या एका रविवारी जमत आलो आहोत. जागेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे गर्दी झाली तर तिथले पाणी आणि शांतता दोन्ही टिकणार नाहीत. झऱ्याला चार पायऱ्यांचे दगडी कुंड आहे, वरच्या अंगाला शेंदूर लावलेला देव आहे, शेजारी जुना उंबर आहे, आणि आधीच्या पिढ्यांनी देवाच्या फुलांसाठी लावलेली सोनचाफा, अनंत, तगर आणि बेल यांची बाग आहे. ओहोळाच्या कडेने ताम्हणाची झाडे आहेत. ताम्हण हे आपले राज्यपुष्प, पण ते आपल्या ओढ्याकाठी जांभळ्या तुऱ्यांनी डवरलेले मी प्रथम पाहिले ते याच ठिकाणी.

त्या दिवशी पहाटे देवापुढे नारळ वाढवला की कुंडाचा उपसा सुरू होतो. माणसांची रांग लागते, बादल्या हातोहात वर येतात आणि पाणी वाया न जाता बागेच्या आळ्यांत जाते. पाणी संपले की काळा गाळ घमेल्यांनी काढायचा. पहिल्या वर्षी गाळ काढता काढता माझा हात तळाच्या दोन दगडांमधल्या सांध्यावर गेला आणि बोटांना एकाएकी थंडगार स्पर्श झाला. वाकून पाहिले, तर सांध्यातून पाणी वर येत होते आणि त्याच्या जोराने वाळूचे चार दाणे एकाच जागी सारखे नाचत होते. मी काही बोललो नाही, नुसता हात वर केला. रांगेतली माणसे एकेक करून खाली उतरली, बघून गेली, आणि बराच वेळ कोणीही आवाज केला नाही. त्यानंतर कुंड आपले आपण भरते. पाणी खालून तिसऱ्या पायरीला लागेपर्यंत पंगत बसत नाही, हा तिथला जुना नेम आहे आणि आम्ही तो पाळतो.

आपल्यापैकी ज्यांनी असा दिवस अनुभवला असेल, मग तो कोणत्याही झऱ्याकाठचा असो, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. नुसते दर्शन घेऊन परतल्याचे नव्हे, तर त्या दिवशी आपण तिथे काय केले, कोणाबरोबर केले आणि काय पाहिले, ते वाचायला आवडेल.

कळवा

माझे वय एकाहत्तर आहे. माझ्या लहानपणी आम्ही चैत्र अमावस्येच्या यात्रेला भिवंडीमार्गे एसटीने वज्रेश्वरीला जात असू. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ साली वसई हाती आल्यावर हे मंदिर उभे राहिले, ही हकिकत आजी आम्हाला पायऱ्या चढता चढता सांगत असे. मंदिराला किल्ल्यासारखा कोट आणि दारावर नगारखाना का आहे, हे त्यामुळे आम्हाला वेगळे विचारावे लागले नाही.

माझ्या मनात मात्र देवळाइतकीच तानसा नदीकाठची अकलोलीची गरम कुंडे आहेत. आजीची शिस्त होती : आधी पाय, मग ओंजळ, मग अंग. गंधकाचा वास नाकात जाई, पावले लाल होत आणि आम्ही मुले ओरडत बाहेर उड्या मारत असू. पुढे वाचनातून कळले की याला ज्वालामुखी लागत नाही. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघरच्या बाजूपासून थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरपर्यंत अशा उन्हाळ्यांची, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांची, माळच आहे. हे कळल्यावर माझी श्रद्धा उणावली नाही, उलट त्या पाण्याने केवढा प्रवास केला आहे हे जाणवून ओंजळ भरताना हात अधिक जपून पुढे होऊ लागला.

यात्रेच्या दिवशी कुंडावर ओळखीपाळखीचा प्रश्नच नसे. गुडघे धरलेली एक म्हातारी पायरीवर अडली होती, तिला माझ्या आजीने कमरेला हात घालून पाण्यात उतरवले, तिची पाठ चोळून दिली आणि तिचे लुगडे पिळून वाळत घातले. त्या बाईंचे नाव आजीला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते, पण पुढची किती तरी वर्षे ती यात्रेत तिला शोधत असे.

कोपरी, ठाणे

वर अकलोलीचा उल्लेख आला म्हणून शेजारच्या गणेशपुरीविषयी थोडेसे लिहिते. नित्यानंद बाबांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी तिथे समाधी घेतली. आमचे कुटुंब दरवर्षी गुरुपौर्णिमेच्या आदल्या रात्री मुक्कामाला जाते आणि गर्दी होण्यापूर्वी, अंधार असतानाच भीमेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडांत स्नान करते. आषाढातला पाऊस डोक्यावर आणि ऊन पाणी गळ्यापर्यंत, अशा त्या अर्ध्या तासात शेजारचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचे नामस्मरण ऐकू येते.

ऐरोली, नवी मुंबई

धागा काढणाऱ्या दादांच्याच मंडळीत मी चौथ्या वर्षापासून आहे, आणि त्यांनी जे मोठ्या मनाने वगळले ते मी लिहिणे योग्य ठरेल. कुंडाच्या भिंतीतून पाणी पाझरते, माती सुटते, म्हणून भिंत पक्की करून घ्यावी असा आग्रह मी धरला होता. मी बांधकामाच्या क्षेत्रातला असल्याने सर्वांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आम्ही एका दिवसात दगडांचे सांधे सिमेंटने भरले, काठावर कोबा केला आणि समाधानाने घरी आलो.

पुढच्या वर्षी उपसा झाल्यावर कुंड भरेचना. संध्याकाळ झाली तरी पाणी पहिल्याच पायरीवर होते. मुलांना जेवू घातले आणि मोठ्यांनी डबे तसेच परत नेले. कोणी मला शब्दानेही दोष दिला नाही, पण येऊर ते ऐरोली हा रस्ता त्या दिवशी मला संपता संपला नाही.

त्यानंतर भूशास्त्र शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांना आम्ही तिथे नेले. आपला कातळ थरांचा आहे, हे त्यांनी कुंडाच्या बाजूची दरड दाखवून समजावले. वरचा भेगाळलेला, सच्छिद्र थर पाणी धरतो. खालचा घट्ट थर ते आणखी खाली जाऊ देत नाही. आणि उतारावर जिथे या दोहोंचा सांधा उघडा पडतो तिथे झरा बाहेर येतो. ज्याला मी गळती समजत होतो तोच झरा होता. वाट बंद केल्यावर पाणी वाट बदलते, आणि खरोखरच तीस पावलांवर खालच्या अंगाला, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी, अळू माजले होते.

आम्ही दोन रविवार छिन्नी-हातोड्याने सिमेंट फोडले आणि दगड पुन्हा कोरड्या रचाईने बसवले. वरच्या वाडीच्या मालकांच्या परवानगीने उतारावर समपातळीत चर खणले, जेणेकरून पावसाचे पाणी धावून न जाता मुरेल. झऱ्याची काळजी घ्यायची तर ती कुंडापाशी नव्हे, त्याच्या वरच्या डोंगरावर घ्यावी लागते, हे मला त्या चरांनी शिकवले. ज्यांच्या गावी असा झरा आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की भिंतीला हात लावण्यापूर्वी पाणी कुठून येते ते आधी पाहा.

वाशी, नवी मुंबई

माझा अनुभव परदेशातला आहे, परंतु विषयाला धरून आहे. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी ती मला ग्लास्टनबरी या गावी, टॉर नावाच्या टेकडीखालच्या चॅलिस वेल या झऱ्यावर घेऊन गेली. तो झरा एका उतरत्या बागेत आहे आणि १९५९ साली स्थापन झालेला एक विश्वस्त न्यास तिची देखभाल करतो. पाणी वर्षभर सुमारे ११ अंश तापमानाचे असते आणि त्यातल्या लोहामुळे ते जिथून वाहते तो दगड गेरूसारखा तांबडा होतो. येशूच्या अखेरच्या भोजनातला पेला या ठिकाणी आणला गेला, अशी तिथल्या लोकांची कथा आहे. विहिरीच्या झाकणावर एकमेकांत गुंतलेल्या दोन वर्तुळांची लोखंडी नक्षी आहे. ती १९१९ सालची.

जमलेले लोक विहिरीभोवती गवतावर डोळे मिटून बसले होते. निरूपण नाही, घंटा नाही, केवळ पाण्याचा आवाज. मला आरतीवाचून चुकल्यासारखे वाटत होते. मग सगळे उठून सिंहमुखाशी गेले आणि तिथे पेल्याने पाणी पिऊ लागले. आमच्याकडच्या गोमुखापाशी उभी राहते तशीच मी नकळत पदर सावरून ओंजळ पुढे केली, तेव्हा माझ्या पुढच्या वृद्ध बाईंनी स्वतःचा पेला बाजूला ठेवला आणि माझे पाहून ओंजळीनेच पाणी घेतले. चवीला ते थेट लोखंडी तव्यात राहिलेल्या पाण्यासारखे लागले. ते मला आवडले.

वर्तकनगर, ठाणे

मी येऊरकडच्या एका पाड्यावरच्या मुलांना शिकवते आणि धाग्याच्या सुरुवातीला आलेल्या झऱ्यावर पाड्यातल्या बायका पाणी भरतात. तुमच्या तिसऱ्या वर्षी मी तिथे आले होते, तेव्हा उपसा सकाळीच सुरू झाला होता आणि पाच-सहा जणी रिकामे हंडे घेऊन उंबराखाली उभ्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्यातली एक आजी मला एवढेच म्हणाली, ‘बाई, देव तुमचा पण आहे, पण पाणी आज आमच्या घरात नाही.’ हे मी तिथल्या ज्येष्ठांना सांगितले आणि त्यांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले, ही गोष्ट इथे नोंदवली जावी असे मला वाटते. तेव्हापासून दिवस पाड्यातल्या बायका ठरवतात. आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे हंडे-कळश्या भरून होतात, पहाटेचा नारळ ती आजी वाढवते, आणि साबण, चपला, प्लास्टिकच्या पत्रावळ्या कुंडाच्या वर येत नाहीत. मुलांना मी त्या दिवशी सुट्टी देत नाही, तिथेच शाळा भरवते. यंदा त्यांनी बेलाच्या झाडावर फुलपाखराच्या अळ्या मोजल्या, सतरा भरल्या.

नौपाडा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. ऐरोलीच्या भाऊंनी एवढे मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून यंदाची नोंद त्यांच्यासाठी देतो, कारण कामावर जावे लागल्याने त्यांना लवकर निघावे लागले होते. सिमेंट करण्यापूर्वी पाणी तिसऱ्या पायरीला साधारण दोन वाजता लागत असे. गेल्या वर्षी साडेचार झाले होते. यंदा तीन वाजून दहा मिनिटांनी आजीने पायरीवर बोट ठेवून पाहिले, ओले बोट सगळ्यांना दाखवले, आणि आम्ही पाने मांडली.